डिजिटल छपाई: बटणाच्या आधी आणि नंतर

‘संगणकावर डिझाइन तयार आहे ना? मग बटण दाबलं की कापड छापून हातात!’ डिजिटल छपाईबद्दलचा हा सर्वांत रुजलेला गैरसमज. रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिकरीत्या जोडल्या जाणाऱ्या, शाईने छापायचं सुती कापड यंत्रावर चढण्याआधीच रसायनांत भिजवून वाळवावं लागतं. शाई पसरू नये म्हणून अल्जिनेट, रंग धाग्याशी जोडला जावा म्हणून सोडा, वाफेतला ओलावा धरायला युरिया. छापून निघालेलं कापड निस्तेजच दिसतं. सुमारे 102 अंश सेल्सिअसच्या वाफेत 8-10 मिनिटं राहिलं की रंग खुलतो. मग धुलाई, कारण न जोडला गेलेला रंग काढावाच लागतो.

त्यामुळे ‘डिजिटल म्हणजे बिनपाण्याची छपाई’ हेही सरसकट खरं नाही. स्क्रीन छपाईसारखी प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन नसल्याने ती धुण्याचं पाणी आणि उरलेला रंग वाचतो, आणि हा फायदा मोठा आहे. पण जवळजवळ कोरडी छपाई होते ती पॉलिएस्टरवर: कागदावर छापलेला रंग सुमारे 200 अंशांना वायुरूप होऊन धाग्यात शिरतो. शुद्ध सुतावर हा रंग टिकत नाही. पिगमेंट शाई सुतावर चालते, तिला उष्णता पुरते. मात्र ती धाग्याच्या पृष्ठभागावर बसते. सतत घासल्या जाणाऱ्या सोफ्यासाठी ती निवडताना घासण्याची चाचणी मागावीच.

‘एकाच फाइलमधून पडदा आणि वॉलपेपर छापला की रंग जुळणारच’ असं अनेक जण धरून चालतात. पडद्याची शाई वेगळी, वॉलपेपरची वेगळी, खालचा पांढराही वेगळा. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले रंग घरच्या उजेडात फारकत घेऊ शकतात. दोन्हींचे नमुने छापून घ्यावेत आणि त्याच खोलीत, दिवसा आणि रात्री पाहावेत. संगणकाच्या स्क्रीनवरच्या रंगावर मी कधीच ऑर्डर देणार नाही.

राहिली रिपीटची, म्हणजे नक्षी पुन्हा सुरू होण्याच्या अंतराची गोष्ट. रोटरी स्क्रीनचा घेर साधारण 64 सेंटिमीटर, म्हणून नक्षी त्या मापात बसवावी लागे. डिजिटलमध्ये ते बंधन नाही. अख्ख्या भिंतीवर एकच जंगल छापता येतं. तरी ‘आता रिपीट नकोच’ हे घाईचं आहे. सोफ्याचं कापड बेतताना रिपीट माहीत नसेल तर गादी आणि पाठ जुळत नाही. अखंड चित्राच्या भिंतीतही वॉलपेपरच्या प्रत्येक पट्टीची कड शेजारच्या पट्टीशी जुळावी लागते. सगळ्या पट्ट्या एकदमच छापून घ्याव्यात. नंतर मागवलेल्या एकट्या पट्टीची छटा बदलू शकते.