वग (तमाशा)

वग हा तमाशाच्या उत्तरार्धात सादर होणारा कथाप्रधान नाट्यप्रकार आहे. वगाचे कथानक व त्यातील पद्ये ठरलेली असतात. संवाद मात्र परंपरेने लिहिलेले नसत. नट आपापली भूमिका धरून ते प्रेक्षकांसमोर ऐनवेळी रचत. प्रेम, विरह, विवाह व दरबारी कारस्थाने हे वगांचे नेहमीचे विषय होत.

स्वरूप

ढोलकीफडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी व लावण्या झाल्यानंतर वग सुरू होतो. राजा, राणी, प्रधान, हवालदार, नायिका आणि सोंगाड्या ही त्यातील ठरावीक पात्रे होत. वगातील राज्य नावालाच मोठे असते. एक राजा, एक प्रधान व एक हवालदार एवढ्यावर त्याचा कारभार चालतो आणि प्रत्यक्षात ते एखाद्या खेड्यासारखेच भासते. रंगमंचावर नेपथ्य जवळजवळ नसते. नटाने गात एक फेरी मारली की स्थळ बदलले असे प्रेक्षक समजून घेतात.

उत्स्फूर्त संवाद

फडाचा प्रमुख कथानक सांगून भूमिका वाटून देतो. कोणत्या प्रवेशात काय घडावे एवढेच निश्चित असते. राजा प्रधानास राज्याची हालहवाल विचारतो, हा असाच एक ठरलेला प्रसंग आहे. त्याचे उत्तर गावागणिक बदलते. दुष्काळ, महागाई किंवा स्थानिक पुढाऱ्यांचे वर्तन यांवरील टीका त्यात येते. कथा भरकटू लागल्यास पद्य सुरू करून ती पुन्हा मार्गावर आणली जाते.

इतिहास

उमाजी सावळजकर यांचा ‘मोहना बटाव’ हा १८६५च्या सुमारास रचलेला पहिला वग मानला जातो. ती एक प्रेमकथा आहे. पुढे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी ‘मिठाराणी’सारखे वग रचले. तमाशात स्त्रीभूमिका पूर्वी पुरुष करीत. पठ्ठे बापूरावांच्या फडातील पवळा हिवरगावकर या आरंभीच्या स्त्री कलावंतांपैकी एक होत. त्या आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर तालुक्याच्या होत्या. उलट, त्याच जिल्ह्यात दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या कांताबाई सातारकर यांनी पुरुषभूमिकाही गाजवल्या.

हरिभाऊ वडगावकर यांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगात शापाने गाढव झालेला गंधर्व राजकन्येशी विवाह करू पाहतो. त्यातील सावळ्या कुंभाराची भूमिका दादू इंदुरीकर यांनी लोकप्रिय केली. २००७ मध्ये याच नावाचा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला.

संगीतबारीपासून भेद

तमाशाचे ढोलकीफड व संगीतबारी असे दोन प्रमुख प्रकार आहेत. जामखेड परिसरातील कलाकेंद्रांमध्ये संगीतबारी सादर होते. तीत लावणीगायन, नृत्य व अदाकारी यांना महत्त्व असून वग नसतो. वग पाहावयास मिळतो तो गावोगावच्या यात्रांत फिरणाऱ्या ढोलकीफडांत.

तत्सम प्रकार

सोळाव्या शतकात इटलीत उदयास आलेल्या कोमेदिया देल आर्ते या नाट्यप्रकारातही ठरावीक पात्रे, कथेचा आराखडा आणि उत्स्फूर्त संवाद असत. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून भूमिकाधारित खेळांचा प्रसार झाला. अशा खेळांच्या पॉडकास्टमध्येही खेळाडू पात्र धरून आयत्या वेळी बोलतात. कथा पुढे नेण्याचे काम तेथे खेळाचा संचालक करतो. फरक असा, की तेथे अनेक प्रसंगांचा निकाल फाशांवर ठरतो व प्रयोग ध्वनिमुद्रित होऊन टिकतो.

सद्यःस्थिती

वगाचे संवाद कागदावर नसल्याने ते फडातच शिकले जात. नवा कलावंत लहान भूमिकेत उभा राहून मोठी भूमिका ऐकून आत्मसात करी. त्यामुळे एखादा फड मोडला की त्याच्याकडील वगाची रीतही लोप पावते. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’सारख्या लोकनाट्यांनी वगाला लिखित संहिता दिली, दादा कोंडके यांनी मात्र त्यातही हजरजबाबी भर घातली.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेत. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा वग कार्यक्रमाच्या शेवटी येत असल्याने वेळेची कात्री प्रथम त्यालाच लागते. चित्रपटगीतांच्या वाढत्या मागणीमुळेही त्याचा वेळ कमी झाला आहे.