उतार, ऊन आणि पाणी यांना विचारून

छत्रपती संभाजीनगरात एखाद्या व्यापारी कुटुंबाने नवे घर किंवा पेढी बांधायला काढली, की पहिली चर्चा बहुधा दर्शनी भागाची होते. काच किती, दगड कोणत्या रंगाचा, पायऱ्या किती रुंद. भूमीचा विचार करून रचना करणारे वास्तुविशारद मात्र दर्शनी भागाकडे सर्वांत शेवटी वळतात. जागेचा उतार कोणीकडे आहे, दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर येते, घरातील माणसांचा दिवस कसा जातो, हे त्यांचे पहिले प्रश्न असतात. या पद्धतीचे उत्तम धडे याच शहरात आहेत.

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. नगराला पाणी हवे म्हणून त्याने डोंगरातील भूजल भूमिगत नहरींनी आणले. ते केवळ उताराच्या बळावर वाहत होते. खाम नदीकाठच्या पाणचक्कीत हेच शहाणपण एका वास्तूत पाहायला मिळते. डोंगरातून आलेल्या पाण्याने जाते फिरे, विस्तीर्ण हौद भरे, आणि उरलेले पाणी नदीला मिळे. त्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत. वर पाणी असल्यामुळे भर उन्हाळ्यात ते दालन थंड राहते. एकाच पाण्याकडून इतकी कामे करून घेणारा रचनाकार कोण होता, हे पाहुण्यांना पाणचक्की दाखवायला नेणाऱ्यांपैकी फारच थोडे विचारतात!

आज शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून पंपांनी वर चढवून आणावे लागते, आणि नळ कित्येक दिवसांआड येतो. येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचे ७०,००० लिटर पाणी होते. काही वाया गेले, तरी उरलेले थोडे नाही. बहुतेक घरांतून ते रस्त्यावर सोडून दिले जाते.

प्रकाशाचा धडा वेरूळला आहे. बत्तिसाव्या लेण्यातील यक्षमूर्तीला इंद्र समजल्यामुळे त्याला ‘इंद्रसभा’ हे नाव पडले. येथे शिल्पकारांनी आधी डोंगर वरून खाली कोरत मोकळे अंगण काढले आणि त्यात अखंड खडकाचे सर्वतोभद्र मंदिर राखले. अंगण उघडे असल्यामुळे आतील दालनांत उजेड पोहोचतो. खडकाच्या पोटात काम करणाऱ्याला उजेडाची किंमत ठाऊक होती. तीन बाजूंनी भिंती असलेल्या प्लॉटवर घर बांधणाऱ्यानेही चौकाचा विचार का करू नये?

जैन कुटुंबाच्या घराला याखेरीज स्वतःचा एक संदर्भ असतो. चौविहार पाळणाऱ्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकते. म्हणून संध्याकाळी स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या जागेत दिव्याविना उजेड हवा. पण पश्चिमेकडे नुसती मोठी खिडकी ठेवली, तर वैशाखात तेथे बसवणार नाही. खोल पडवी आणि जाळी लावून ऊन अडवायचे, उजेड घ्यायचा, हेच रचनाकाराचे काम. घरदेरासर किंवा चैत्यालयाची जागाही उरल्यासुरल्या कोपऱ्यात ढकलण्याऐवजी आराखड्यातच ठरवावी. पावसाच्या पाण्याची टाकी झाकलेली आणि अंधारी असावी. तीत शेवाळ धरत नाही, डास होत नाहीत, आणि जीवहिंसेचा प्रसंगच टळतो.

पुण्यात १९२७ साली फर्निचरचा व्यवसाय असलेल्या कुटुंबात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांना २०१८ मध्ये प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. अहमदाबादेतील ‘संगाथ’ हे त्यांचे कार्यालय अर्धे जमिनीत आहे. छताच्या कमानींवर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे बसवले असल्यामुळे ऊन परतवले जाते. महागड्या सामग्रीचा त्यात काही वाटा नाही. आपल्याकडील गच्चीवरही हे सहज करता येते. टाकीचे मात्र तसे नाही. पायाची खोदाई चालू असतानाच ती आखावी लागते. घर उभे राहिल्यावर तिच्यासाठी फरशी फोडावी लागते.