सुईवाचून गोवराची लस : पुणे जिल्ह्यातील एक प्रांजळ प्रयोग

रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी डोकावले, तर नऊ-दहा महिन्यांची बाळे मांडीवर घेऊन बसलेल्या मातांची रांग दृष्टीस पडते. सुई टोचण्याच्या क्षणी कित्येक माता तोंड फिरवितात आणि बाळाला घट्ट धरण्याचे काम आपसूक आजीकडे येते. ही सुई टाळता आली तर? प्रश्न केवळ आईच्या मायेचा नाही. मंडणगडापासून राजापुरापर्यंत डोंगरउतारांवर वाड्या विखुरलेल्या आहेत. तेथवर प्रशिक्षित परिचारिका पोहोचविणे, निर्जंतुक सुया पुरविणे आणि वापरलेल्या सुयांची सुरक्षित विल्हेवाट लावणे हे सारे खर्चाचे व कष्टाचे काम आहे. सुईवाचून लस देता आली, तर हा भार पुष्कळ हलका होईल, असे जगभरच्या तज्ज्ञांना वाटत होते. या समजुतीची खरी कसोटी घाटापलीकडे, पुणे जिल्ह्यातील खेड्यांत लागली.

गोवर हा आजार घरोघरी परिचित. जुन्या पिढीतील स्त्रियांना आठवत असेल, घरात मुलाला गोवर आला की फोडणी बंद होई, बाळाच्या अंथरुणाशी कडुलिंबाचा पाला ठेवला जाई. पुरळ आठवड्याभरात ओसरला की सर्वांना हायसे वाटे. परंतु या विषाणूची खरी हानी पुरळ गेल्यानंतर दिसते. गोवराने अशक्त झालेल्या बालकाच्या फुप्फुसात जिवाणू शिरतात व न्यूमोनिया होतो. विषाणूने दार उघडावे आणि जिवाणूने आत यावे, असा हा प्रकार. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गोवरापूर्वीचे व गोवरानंतरचे नमुने ताडून पाहता, इतर रोगांविरुद्ध त्या मुलांनी कमावलेली प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नष्ट झालेली आढळली. वर्षानुवर्षे जमविलेली पुंजी एका तडाख्यात जावी, तसे हे नुकसान होय.

गोवराचा विषाणू श्वासावाटे शरीरात येतो. मग लसही श्वासावाटेच का देऊ नये? तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लशीचे जनक आल्बर्ट सेबिन यांनी १९८०च्या दशकात मेक्सिकोत या दिशेने प्रयोग केले. लशीचे बारीक तुषार करून ते मुखवट्यातून मुलाला हुंगवावयाचे, अशी ती पद्धत होती. पुढे मेक्सिकोत साथीच्या काळात लक्षावधी शाळकरी मुलांना अशी लस दिली गेली व तिचा गुणही आला. मात्र शाळेत जाणारे मूल आणि नऊ महिन्यांचे तान्हे बाळ यांत अंतर आहे. तान्ह्या बाळांत पहिल्या मात्रेसाठी ही पद्धत सुईइतकी उतरते का, याचे ठाम उत्तर कोणाजवळ नव्हते. ते मिळविण्याचे काम जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र व त्याचे सहकारी यांनी हाती घेतले. डॉ. आशिष बावडेकर, डॉ. सिद्धिविनायक हिरवे आणि स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातील निकोला लो ही त्यांतील प्रमुख नावे. लस होती पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची.

पुणे जिल्ह्यातील २० आरोग्य केंद्रांच्या कक्षेतील गावांमधून नऊ ते बारा महिन्यांच्या आतील २,००४ बाळे निवडली गेली. कोणत्या बाळाला सुई आणि कोणाला तुषार, हे आईने ठरवावयाचे नव्हते, परिचारिकेनेही नाही आणि डॉक्टरांनीही नाही. जणू चिठ्ठी टाकूनच ते ठरले. १,००१ बाळांच्या वाट्याला तुषार आले, १,००३ बाळांच्या वाट्याला सुई. आणखी एक गोष्ट व्यापारी कुटुंबांना विशेष भावेल. तराजू आधीच तपासून ठेवला होता. तुषारांची लस सुईपेक्षा थोडी उणी पडली तरी चालेल. पण हे उणेपण शंभरात पाचांहून अधिक असता कामा नये, अशी मर्यादा निकाल हाती येण्यापूर्वीच ठरलेली होती. माल पाहून मग माप बदलण्याची सोयच ठेवली नव्हती.

९१व्या दिवशी बाळांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली गेली. सुई घेतलेल्या ७८५ बाळांपैकी ७४३ बाळांत, म्हणजे ९४.६ टक्के बाळांत, संरक्षण दिसले. तुषार घेतलेल्या ७७५ पैकी ६६२ बाळांत ते दिसले. हे प्रमाण ८५.४ टक्के. तफावत नऊ टक्क्यांहून थोडी अधिक, ठरविलेल्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही पद्धतींत लशीमुळे कोणत्याही बाळाला गंभीर अपाय झाला नाही. तुषारांची लस निर्धोक होती, परंतु पुरेशी नव्हती. शंभरातील पंधरा मुले उघडी राहिली, तर गोवरासारखा वेगाने पसरणारा रोग त्यांना हटकून गाठतो.

हा निकाल २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षांची मेहनत, परदेशी निधी आणि एवढ्या मातांचा विश्वास खर्ची घालून हाती काय आले, तर 'नाही' हे उत्तर. ते उत्तर झाकून न ठेवता जगापुढे मांडले गेले, याचे मोल मोठे आहे. एवढेच नव्हे, तर ३३१ बाळांचे रक्तनमुने गोठवलेल्या अवस्थेतून वितळल्यामुळे त्यांचा निष्कर्ष काढता आला नाही, ही कबुलीही संशोधकांनी त्याच लेखात दिली. हापूसच्या मोसमात ज्यांनी शीतगृहाची वीज गेल्याचा फटका सोसला आहे, त्यांना या एका वाक्यामागची हळहळ सांगावी लागणार नाही.

लशीत काय असते, हा प्रश्न जैन घरांत हमखास विचारला जातो आणि तो रास्त आहे. सीरमची गोवराची लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवीत नाहीत. ती मानवी पेशींच्या संवर्धनात तयार होते. तथापि तिला टिकाऊ ठेवण्यासाठी साखरेसारखे सॉर्बिटॉल आणि जिलेटिन वापरतात. जिलेटिन हा प्राणिज पदार्थ आहे. ही गोष्ट दडवून ठेवण्यात अर्थ नाही. कुटुंबाने ती जाणून, बालरोगतज्ज्ञांशी बोलून निर्णय घ्यावा. दुसऱ्या पारड्यात मात्र शेजारच्या घरातील पाच-सहा महिन्यांचे बाळ ठेवावे लागते. लशीचे वय अद्याप न झालेल्या त्या बाळाचे रक्षण भोवतालच्या लसवंत मुलांमुळेच होते. पर्युषणात आणि लग्नसराईत चार गावांची मंडळी एका मंडपात जमतात, तेव्हा हा हिशेब अधिकच खरा ठरतो.

सुईच्या एका मात्रेनंतरही शंभरात पाच बाळे उरतात. त्यांच्यासाठीच १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा आहे. व्यापारी घरांत नेमकी हीच चुकते. पहिली मात्रा रत्नागिरीत होते, मग आई बाळासह कच्छला वा मारवाडला जाते, परतल्यावर दुकानाचा मोसम सुरू होतो आणि लसीकरणाचे कार्ड कपाटात राहते.

सुईला पर्याय शोधण्याचे काम थांबलेले नाही. त्वचेवर चिकटवावयाच्या, सूक्ष्म टोकांच्या पट्टीतून गोवर-रुबेलाची लस देण्याचा प्रयोग आफ्रिकेतील गांबिया देशात झाला. २०२४ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्याच्या अहवालात, पट्टी लावलेल्या बाळांत सुईच्या तोडीचे संरक्षण आढळल्याचे नमूद आहे. त्यात तान्ही बाळे १२० आणि सव्वा-दीड वर्षांची मुले तितकीच. संख्या लहान आहे. मोठी कसोटी व्हावयाची आहे.

तोवर आरोग्य केंद्रातील ती कुपीच खरी. भुकटीच्या रूपातील ही लस पाण्यात मिसळल्यावर चार तासांत वापरावी लागते. उरलेली टाकून द्यावी लागते. दुकान बंद करून दुपारी निवांत बाळाला घेऊन गेलेल्या कुटुंबाला 'पुढच्या वेळी या' असे सांगितले जाते, ते पुष्कळदा याच कारणामुळे. लसीकरणाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पोहोचावे, कार्ड सोबत न्यावे आणि लस दिल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे.