'वारं गेलं' म्हणतात तेव्हा मेंदूत काय घडते?

सकाळी चहाची कपबशी हातातून सुटते, तोंड एका बाजूला वाकडे होते, जीभ जड पडते. पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकसारख्या गावात अशा वेळी शेजारीपाजारी जमतात आणि एखादी वडीलधारी बाई म्हणते, "अंगावरून वारं गेलं गं हिच्या!" कोणी तेल चोळायला सांगतो, कोणी भगताचे नाव काढतो. तेवढ्यात तासभर निघून जातो.

खरे पाहता कोणतेही वारे अंगावरून गेलेले नसते. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झालेली असते, काही जणांत ती फुटलेली असते. परंतु वाचकहो, मेंदूत खरोखरच एक वायू तयार होत असतो. झटका तो आणत नाही, पण झटका आल्यावर काय काय होते त्यात त्याचा हात असतो. त्याचे नाव नायट्रिक ऑक्साइड.

मोटारीच्या धुरात सापडणारा हा वायू आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून निघतो आणि वाहिनी सैल करतो, हे १९८७ साली सिद्ध झाले. मेंदूच्या पेशीही तो सोडतात, हे जॉन गार्थवेट व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले. या वायूच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात ती गोळी याच वायूच्या जोरावर काम करते.

पण तो मोजायचा कसा? तयार झाल्यावर तो काही सेकंदच टिकतो. नमुना काढून प्रयोगशाळेत न्यावा, तर वाटेतच नाहीसा! म्हणून जिथे तयार होतो तिथेच मोजला पाहिजे.

साखर तपासायचे छोटे यंत्र आता पुष्कळ घरांत असते. पट्टीवर रक्ताचा थेंब पडला की बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यावरून साखरेचा आकडा कळतो. इथे युक्ती त्याच जातीची आहे. पट्टीऐवजी केसाहून बारीक असा कार्बनचा धागा घेतात व त्याला एक व्होल्टच्या आत दाब देतात. वायूचा रेणू टोकाला भिडला की इलेक्ट्रॉन सोडतो. जितका वायू, तितका प्रवाह.

अडचण वेगळीच असते. मेंदूत क जीवनसत्त्व भरपूर. होय, आवळ्यातले तेच! तेही धाग्याला इलेक्ट्रॉन देते आणि आकडा फसवा येतो. म्हणून धाग्यावर नॅफिऑन नावाचा ऋणभारित पातळ लेप देतात. क जीवनसत्त्वही मेंदूत ऋणभारित असते, त्यामुळे लेप त्याला दूर लोटतो. वायूवर भारच नसल्याने तो आत शिरतो.

जपानच्या कात्सुएई शिबुकी यांनी १९९० मध्ये मेंदूच्या ऊतीसाठी असे साधन बनवले. अमेरिकेत तादेउश मालिन्स्की व झियाद ताहा यांनी १९९२ मध्ये एकाच पेशीतून निघणारा वायू मोजला. पुढच्याच वर्षी मालिन्स्की यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतली वाहिनी काही काळ बंद करून पाहिली. आधी वायू इतका थोडा होता, की हजार लिटर पाण्याच्या टाकीत मिठाचे चार-पाच दाणे टाकावेत. रक्त अडताच तो दोनशे पटींच्या आसपास वाढला!

एवढा वायू पेशींना सोसत नाही. ऑक्सिजनच्या एका उग्र रूपाशी त्याचा संयोग होऊन पेशी जाळणारे द्रव्य बनते. मग तो बंदच करून टाकावा का? तसेही चालत नाही, कारण वाहिन्या उघड्या ठेवण्याचे कामही त्याचेच. उलट बाजूनेही प्रयत्न झाला. हाच वायू देणारी औषधी पट्टी ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकेतच ११४९ रुग्णांवर तपासली गेली. २०१९ मध्ये निकाल आला : फायदा नाही. तेव्हा घरात छातीदुखीची गोळी आहे म्हणून ती लकव्याच्या रुग्णाच्या जिभेखाली ठेवू नये. रक्तदाब एकदम उतरू शकतो.

कार्बनचा हा धागा प्रामुख्याने प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठीच आहे. दवाखान्यात आपल्या आजीला तो कोणी लावणार नाही. तिथे तिचा स्कॅन निघेल आणि डॉक्टर विचारतील, "शेवटच्या बऱ्या कधी होत्या?" गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते तास कपबशी सुटल्यापासून मोजले जातात. म्हणून आधी घड्याळ पाहावे आणि लगेच १०८ ला फोन लावावा.