दवाखाना दूर, आजार दारात

क्षयरोग म्हटलं की आपल्या आजोबांच्या पिढीला आठवायचं ते सॅनेटोरियम. मिरज, पाचगणी अशी नावं घराघरांत माहीत होती. मोकळी हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती आणि महिनोन्‌महिने घरच्यांपासून ताटातूट, असा तो उपचार. ऐपत असेल त्याने जावं, नसेल त्याने घरीच खोकत दिवस काढावेत. 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, पाठोपाठ पॅस आणि 1952 मध्ये आयसोनियाझिड. क्षयावर खरोखर गुण देणारी औषधं हाती आली, तरी ती द्यायची तर रुग्णाला खाटेवर ठेवूनच, ही समजूत कायम होती. देशात रुग्ण लाखो आणि खाटा काही हजार. म्हणजे औषध असूनही बहुतेकांच्या वाट्याला ते येणार नव्हतं.

1956 साली मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचारावर संशोधन करणारं एक केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून ते उभारलं आणि वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख. त्यांनी विचारलेला प्रश्न आज साधा वाटेल, पण तेव्हा तो विचारायला धीर लागत होता: तेच औषध रुग्णाने घरी राहून घेतलं तर काय बिघडेल?

शहरातल्या गरीब वस्त्यांमधले रुग्ण निवडले. कोणी सॅनेटोरियममध्ये जायचं आणि कोणी घरी राहायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता दैवगतीने ठरवलं. दोन्हीकडे औषध एकच, आयसोनियाझिड आणि पॅस, वर्षभर. बाकी सगळ्यात जमीन-अस्मानाचं अंतर. सॅनेटोरियममधल्यांना सकस जेवण, हवेशीर वॉर्ड, आराम. घरच्यांना एका खोलीत पाच-सात माणसं, अपुरं जेवण आणि अंगात जरा त्राण आलं की कामावर हजर. केंद्राचे कर्मचारी न सांगता घरी जात, उरलेली औषधं मोजत, लघवी तपासून गोळी पोटात गेली की नाही ते पाहत.

वर्षाअखेरीस दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे निघाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरी उपचार घेणाऱ्यांच्या बायकामुलांना सॅनेटोरियममधल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झालेली दिसली नाही. औषध सुरू झालं की संसर्ग झपाट्याने ओसरतो, हे त्यातून कळलं. 1959 साली हे निष्कर्ष छापून आले आणि हळूहळू जगभरची सॅनेटोरियमं रिकामी होऊ लागली. आज तालुक्याच्या गावात क्षयाच्या गोळ्या घरी नेऊन बरा होणारा माणूस मद्रासच्या त्या झोपडपट्टीतल्या रुग्णांच्या ऋणात आहे. त्यांची नावं कुठल्याही शोधनिबंधात नाहीत.

या प्रयोगात औषध नवं नव्हतं, नवी होती ती जागा. वैद्यक संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा, नवा रेणू, कोट्यवधींची गुंतवणूक असं चित्र येतं, आणि त्याचं मोल कमी नाही. पण ‘हे औषध गुण देतं का’ एवढं विचारून थांबणारं संशोधन आणि ‘ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत ते कसं जाईल’ हेही विचारणारं संशोधन यांत फरक आहे. आपल्यासारख्या देशात जास्त जीव दुसऱ्या प्रकाराने वाचवले, असं माझं ठाम मत आहे. आणि ते कुठल्या एका शाखेत अडकलेलं नाही. क्षय, कॉलरा, विषबाधा, नवजात बाळांचे आजार, सगळीकडे ते सापडतं.

कॉलऱ्याची गोष्ट अनेकांना माहीत आहे. 1971 मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी सीमेवरच्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांची पाकिटं बनवून घेतली, पाण्यात मिसळून नळ लावलेल्या पिंपांत भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. ग्लुकोजबरोबर मीठ आतड्यात शोषलं जातं, हे शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होतं. छावणीतला मृत्युदर 30 टक्क्यांच्या आसपास होता, तो 3.6 टक्क्यांवर आला. सुई टोचायला प्रशिक्षित माणूस लागतो, पेला तोंडाला लावायला आई पुरते.

आता कोकणात येऊ. लाल विंचवाशी इथल्या माणसाची गाठ रोजचीच. लाकडाच्या ढिगात, कौलांत, भाताच्या भाऱ्यांत, दगडी गडग्यात तो असतो. साधा विंचू चावला तर ठणका लागतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो, म्हणून ‘विंचू उतरवणाऱ्यांचं’ फावतं. लाल विंचवाचं मात्र तसं नाही. लहान मूल असेल तर कित्येकदा ठणका फारसा नसतोच. मूल ओकू लागतं, अंगाला दरदरून घाम सुटतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात. काही तासांत छातीत घरघर सुरू होते आणि तोंडातून गुलाबी फेस येतो. 1970 च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे मृत्यू एकामागून एक पाहिले.

जालना जिल्ह्यातल्या देहेडसारख्या खेड्यातून, मोलमजुरी करत शिकलेला हा डॉक्टर. त्यांचं ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मकथन पुष्कळांनी वाचलं असेल. बिरवाडीत त्यांनी पहिल्यांदा केलं ते एकच, रुग्णाजवळ बसून राहणं. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातपायांची ऊब, सगळं लिहून ठेवायचं. त्या काळी विंचूदंशावर जी औषधं सर्रास दिली जात, त्यांतल्या बऱ्याच औषधांनी गुण येत नाही, हे या नोंदींतून दिसू लागलं. उलट्या, घाम, गार हातपाय ही हृदयावर संकट येत असल्याची आगाऊ सूचना आहे, हे त्यांनी 1982 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं.

आत घडत होतं ते असं. विषामुळे मज्जातंतूंतून अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं प्रचंड प्रमाणात सुटतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय त्या ओझ्याखाली थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. तेव्हा आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला हव्यात. सोडियम नायट्रोप्रुसाइडने ते होत होतं. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने, उजेडापासून जपून, रक्तदाबावर डोळा ठेवून द्यावं लागतं. पुण्या-मुंबईत जमेल, बिरवाडीत रोज कसं जमणार? मग त्यांचं लक्ष प्राझोसिनकडे गेलं. उच्च रक्तदाबाची ही साधी, स्वस्त गोळी तेच काम तोंडावाटे करते. 1986 मध्ये हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याने त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापले. पूर्वी गंभीर विषबाधा झालेल्या दर शंभरांत तीस-चाळीस जण दगावत. प्राझोसिन रुळल्यावर हे प्रमाण एक-दोनवर आलं.

वजनाच्या हिशेबाने गोळीचा डोस ठरवायचा, हातपाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी द्यायचा. आणि एक सूचना, जी न पाळल्यास घात होतो: रुग्णाला आडवंच ठेवायचं. पहिल्या डोसनंतर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. घाबरलेली आई मुलाला उचलून कडेवर घेते आणि मूल बेशुद्ध पडतं. म्हणून बाळाला निजवूनच पाजा, हे सांगणं त्या उपचाराचाच भाग झालं.

बावस्कर तिथे थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष मिळू लागलं तेव्हा त्याचीही रीतसर चाचणी त्यांनी महाडमध्येच घेतली. 70 रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात 35 पैकी 8 आणि दुसऱ्यात 35 पैकी 32. हा निबंध 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. स्वतःच्याच शोधापेक्षा सरस काही आहे का, हे तपासायला निघालेला संशोधक मला फार मोठा वाटतो. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांत दरवर्षी एमडी-एमएसचे शेकड्यांनी प्रबंध लिहिले जातात. त्यांतल्या किती प्रश्नांची मुळं एखाद्या प्राथमिक केंद्राच्या नोंदवहीत असतात? विषय वॉर्डात सहज मिळेल तो, रुग्णसंख्या सहा महिन्यांत भरेल ती. विद्यार्थ्यांना दोष देत नाही, वेळापत्रकच तसं आहे. पण सर्पदंश, ऊसतोड कामगार बायकांचे आजार, आदिवासी पाड्यांवरचा सिकलसेल यांवर काम करायला लागणारी उमेद आणि सवड देण्याची जबाबदारी व्यवस्थेची आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून ‘सर्च’ या संस्थेतून हेच केलं. राणीताईंनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा 92 टक्के बायकांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार असल्याचं आढळलं, आणि याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. 1989 च्या या निबंधाआधी ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जाई.

मग आला बालमृत्यूचा प्रश्न. न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येईलच असं नाही. त्यासाठी एक साधं उपकरण बनवलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची रांग. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापाशी पोचलं तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करायचं. दाईचं निदान डॉक्टरांच्या तोडीचं असू शकतं, हे त्यातून सिद्ध झालं.

नवजात बाळांचं काम याहून अवघड. 1995-96 मध्ये 39 गावांतल्या 763 बाळांच्या घरी जाऊन नोंदी ठेवल्या. 54.4 टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, पण डॉक्टरांनी तपासलेली बाळं होती 2.6 टक्के. ‘आजारी बाळाला दवाखान्यात न्या’ हा शहाणपणाचा सल्ला इथे निरुपयोगी होता. पैसे नाहीत, एसटी नाही, आणि ओली बाळंतीण व बाळ घराबाहेर पडत नाहीत. म्हणून गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळ रडलं नाही तर पिशवी-मास्कने श्वास द्यायचा, ताणकाट्याच्या झोळीत वजन करायचं, ऊबदार पिशवीत ठेवायला शिकवायचं, आणि जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणं दिसली, आईवडिलांनी दवाखान्यात न्यायला नकार दिला, तर तोंडाने औषध आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं.

बारावीही न झालेली बाई तान्ह्या बाळाला इंजेक्शन देणार, या कल्पनेनेच अनेक बालरोगतज्ज्ञांना धक्का बसला. ती शंका गैर नव्हती, तिला उत्तर आकड्यांनीच द्यायला हवं होतं. तुलनेसाठी 47 गावं होती. 1999 च्या ‘लॅन्सेट’मध्ये उत्तर आलं: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटला होता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी 16.6 टक्के दगावत, ते प्रमाण 2.8 टक्क्यांवर आलं.

केंद्र सरकारने 2011 मध्ये नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आणला. आशाताई बाळाच्या घरी जाते, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 42 दिवसांत सहा भेटी, घरी झालं असेल तर सात. वजन, ऊब, अंगावरचं दूध, धोक्याची लक्षणं, सगळं ती बघते. इंजेक्शन मात्र तिच्या हाती दिलं गेलं नाही. 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनी जेंटामायसिन द्यायची मुभा एएनएमला, म्हणजे आरोग्यसेविकेला दिली, आणि एएनएम गावात रोज असतेच असं नाही. गडचिरोलीच्या प्रयोगातला सगळ्यांत परिणामकारक तुकडा नेमका गावाच्या वेशीवर अडला. सुरक्षिततेची काळजी मला पटते, पण पावसाळ्यात रस्ता वाहून गेलेल्या पाड्यावर तरी आशाला कडक प्रशिक्षण आणि देखरेखीसह ही परवानगी मिळायला हवी. पुरावा पंचवीस वर्षांहून जुना आहे, आणि तो आपल्याच मातीतला आहे.

संशोधनात सहभागी होणाऱ्या माणसांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. 2009 पासून देशातल्या चाचण्यांची सार्वजनिक नोंद सक्तीची झाली. 2019 च्या नियमांत चाचणीत इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे, आणि गुण आलेलं औषध चाचणी संपल्यावरही रुग्णाला मोफत मिळत राहावं यासाठी काही अटींसह वाट ठेवली आहे. संमतीपत्रावर अंगठा उठवणाऱ्या किती जणांना हे कुणी समजावून सांगतं? सही घेताना त्याच्या बोलीत, त्याच्या घरच्यांसमोर हे वाचून दाखवण्याची जबाबदारी संशोधकाची आहे, आणि तुमच्या माझ्या ओळखीतला कुणी अशा चाचणीत जात असेल तर त्याने तो कागद वाचून घेतल्याशिवाय, चाचणी संपल्यावर माझ्या गोळीचं काय होणार हे विचारल्याशिवाय सही करू नये.