पिकअप खालून सडते

मिरकरवाडा, हर्णे, मालवण, कुठल्याही बंदराबाहेर उभ्या पिकअप पाहा. काचेवर देवाचं नाव, बोनेट चकचकीत, हौद्याला नवा रंग. वाकून खाली बघणारा मात्र विरळा. इंजिन अजून धडधाकट आणि चेसिसला भोक, अशी गाडी किनाऱ्यावर नवलाची नाही. कारण गाडीच्या खालच्या बाजूबद्दल आपल्याकडे सल्ले भरपूर आहेत आणि त्यातले बरेचसे चुकीचे.

पहिला समज म्हणजे गंज पावसाळ्यात धरतो. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतो, मीठ त्या क्रियेला वेग देतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण चेसिसला चिकटलेल्या मिठाला पावसाची गरजच नसते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की ते हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं. किनाऱ्यावर पावसाळा सोडूनही कितीतरी रात्री एवढा दमटपणा असतो. मासळीच्या गाडीत तर मीठ वरूनच येतं. क्रेटमधला बर्फ वितळतो आणि ते खारट पाणी हौद्याच्या फटींतून पाट्यांवर, ब्रेक पाइपवर, स्टेपनीच्या स्टँडवर दिवसभर ठिबकत राहतं. १ जूनला मासेमारीबंदी लागते, गाडी झाडाखाली लावली जाते आणि मालक म्हणतो, उभी गाडी कशाला झिजेल? झिजत नाही, पण न धुता लावली असेल तर गंजत असते.

मग उपाय काय, तर कोटिंग. ‘एकदा डांबरी कोटिंग मारलं की निर्धास्त’ हा सगळ्यात महागात पडणारा समज. कोटिंग धरतं ते स्वच्छ, कोरड्या धातूवर. चिखल, मीठ किंवा सुटा गंज यांच्यावर ते मारलं, तर ओल आत कोंडली जाते. वरून काळंभोर, अखंड दिसतं आणि खाली पत्रा पातळ होत जातो. शिवाय पिकअपचं चेसिस शिडीसारखं असतं आणि तिच्या दोन लांब दांड्या बऱ्याच गाड्यांत आतून पोकळ असतात. गंज तिथे आतूनच सुरू होतो आणि बाहेरून मारलेलं डांबर तिथवर पोचत नाही. त्या पोकळीत लांब नळीने मेणयुक्त फवारा सोडावा लागतो. पाणी निघून जायला कंपनीने ठेवलेली भोकं उघडी ठेवावी लागतात. घाईतला कामगार नेमकी तीच लिंपून टाकतो. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम, प्रोपेलर शाफ्ट यांवर कोटिंगचा थेंबही नको. तापलेल्या सायलेन्सरवर ते जळून धुरावतं, शाफ्टवर जाड-पातळ बसलं तर तोल बिघडून थरथर सुरू होते. जुनी पिकअप घेताना खालून ताजं, ओलसर काळं कोटिंग दिसलं, तर मी ते गुणात नव्हे, संशयात धरेन. छोटी हातोडी घेऊन चेसिसवर ठोकत जावं. खणखणीत आवाज बोदा झाला की भाव पाडायचा किंवा घरी यायचं.

याहून स्वस्त उपाय म्हणजे जळालेलं ऑइल डिझेलमध्ये मिसळून खालून फवारणे. गॅरेजवाल्याचं ऑइल खपतं आणि मालकाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण ते तेल रबरी बुश आणि होजपाइप फुगवतं, धूळ धरून ठेवतं, ब्रेक लायनिंगवर गेलं तर गाडी थांबणं देवाच्या हवाली, आणि पहिल्या मोठ्या पावसात धुऊन गटारात जातं. वापरलेलं ऑइल आपल्या कायद्यात घातक कचरा आहे.

खरा उपाय कंटाळवाणा आहे: गोडं पाणी. खेप संपली की खालून, पाट्यांच्या मधून, चाकांच्या आतून धुणे. पण किनाऱ्यावरच्या कित्येक विहिरी आणि बोअर मचूळ असतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. पाण्याची चव बघून वॉशिंग सेंटर निवडावं, हे मी अगदी गंभीरपणे सांगतो आहे. कोटिंग करायचंच असेल तर एप्रिल-मे गाठा, तेव्हा चेसिस उन्हात नीट सुकतं.

इंधनाबाबतही हीच तऱ्हा. पंपावरचा दर बघून गाडी निवडली जाते, रस्ता बघून नाही. आंबा किंवा कुंभार्ली घाट भरल्या हौद्याने चढायचा असेल तर कमी फेऱ्यांवर ओढ देणारं डिझेल इंजिन अजूनही सोयीचं. पण जेट्टी, बर्फाचा कारखाना आणि बाजार एवढंच गाडीचं जग असेल, तर बीएस ६ डिझेल गाडी घेणं मला शहाणपणाचं वाटत नाही. तिच्या धुराड्यातली काजळीची गाळणी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापून स्वतःला जाळून साफ करते आणि त्यासाठी सलग धाव लागते. आखूड खेपांत ती तुंबते. अशा कामाला सीएनजी किंवा पेट्रोल बरं.

ज्या डिझेल गाड्यांना युरियाचं द्रावण लागतं, त्यांच्याबद्दल एक खास गावठी शोध आहे: गोणीतला युरिया पाण्यात ढवळायचा. खरं द्रावण म्हणजे अतिशुद्ध पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया. शेतीच्या युरियावर २०१५ पासून सक्तीने कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. पिकाला तो चांगला. गाडीचं नोझल आणि उत्प्रेरक मात्र त्याने खराब होतात आणि वाचलेल्या पैशांच्या कित्येक पट बिल येतं. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचंही तेच. आजच्या उच्चदाबाच्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच आणि रॉकेल त्याबाबतीत कोरडं.

पेट्रोल गाडीत महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरल्याने ताकद वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याची क्षमता. इंजिनाची ती मागणी नसेल तर पैसे धुरात. ई२० मध्ये मायलेज थोडं घटणं मात्र भ्रम नाही, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते. इथेनॉल पाणीही शोषतं. म्हणून बंदीच्या काळात गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. डिझेलवाल्यांनी गाडी पुन्हा काढताना फिल्टरच्या तळाचं पाणी आधी सोडावं.

राहिला सीएनजी. लोक त्याच्या स्फोटाला घाबरतात. खरं तर हा वायू हवेपेक्षा हलका, गळला तर मोकळ्यावर वर निघून जातो. भीती बाळगायची तर सिलिंडरच्या गंजाची बाळगा. पिकअपमध्ये तो बहुधा हौद्याखाली, चेसिसला बांधलेला असतो, म्हणजे नेमका तिथे, जिथे खारं पाणी ठिबकतं. आत सुमारे २०० बारचा दाब असतो. त्यावर डांबर थापू नका, कारण तपासणाऱ्याला खड्डा आणि गंज दिसला पाहिजे. पट्टे आणि ब्रॅकेट दर धुण्याच्या वेळी बघा, दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट चुकवू नका, आणि जुनी सीएनजी गाडी घेताना आधी सिलिंडरच्या प्लेटवरची तारीख वाचा, मग किमतीचं बोला.