७९ नंबरचं सोनं, ८० नंबरचा पारा

आवर्तसारणीत ७९व्या घरात सोनं राहतं आणि भिंतीला भिंत लावून ८०व्या घरात पारा. दोघांत फरक फक्त अणुकेंद्रातल्या एका प्रोटॉनचा. पण त्या एकाने असा काही घोळ घातलाय की सोनं आपण लॉकरमध्ये ठेवतो आणि पारा सांडला तर खिडक्या उघडतो. या शेजाऱ्यांच्या काही भन्नाट गोष्टी.

उचलून तर बघा!
एक लिटरची बाटली पाण्याऐवजी पाऱ्याने भरली तर आतल्या पाऱ्याचं वजन होईल साडेतेरा किलो. तेवढ्याच आकाराचं सोनं भरेल १९ किलो ३०० ग्रॅम. पाऱ्यात लोखंडी खिळा टाका, तरंगेल. शिशाची गोळी टाका, तीही तरंगेल. सोन्याचं वळं मात्र थेट तळाला जाईल. म्हणूनच १० ग्रॅम सोन्याला एवढे पैसे मोजून हातात काय येतं, तर जेमतेम अर्धा घन सेंटिमीटर!

आइन्स्टाइनची कृपा
सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस लागतात. पारा उणे ३९ अंशांवरच पातळ होतो. हा जमीन-अस्मानाचा फरक का? इतक्या जड अणूंच्या गाभ्याशी असलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने पळतात. तिथे सापेक्षतेचे नियम लागू होतात आणि अणूची बाहेरची काही कवचंही आत आवळली जातात. त्यामुळे सोनं निळा प्रकाश शोषून घेतं आणि आपल्याला पिवळं दिसतं. नाहीतर तेही चांदीसारखं पांढरंच दिसलं असतं. पाऱ्याचे बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन इतके आखडून बसतात की शेजारच्या अणूशी धड हातमिळवणीच करत नाहीत. सापेक्षतेचा हा परिणाम वजा केला तर पारा १०० अंशांहून थोड्या जास्त फरकाने उशिरा वितळला असता, असं २०१३ साली संशोधकांनी गणिताने दाखवलं. म्हणजे चंद्रपूरच्या मे महिन्यातही तो घट्टच राहिला असता आणि तापमापीत कधी चढलाच नसता.

दोन आरसे, दोन तऱ्हा
सोनं किती पसरावं? एका ग्रॅमचा वर्ख ठोकून ठोकून सुमारे एक चौरस मीटर होतो. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचा साडेसहा मीटर रुंदीचा आरसा मढवायला लागलं फक्त ४८ ग्रॅम सोनं. जुन्या मापाने चार तोळ्यांच्या किंचित वर. आपल्याकडच्या लग्नात एवढ्यावर कुणाचं समाधान होईल का? सोनं अवरक्त किरण उत्तम परावर्तित करतं, म्हणून हा थाट.

पाऱ्याचा आरसा बघायचा तर उत्तराखंडात नैनितालजवळच्या देवस्थळला जावं. तिथल्या चार मीटरच्या दुर्बिणीत काचेचा आरसाच नाही. सुमारे ५० लिटर पारा एका मोठ्या थाळीत संथ गिरक्या घेत राहतो. फिरता फिरता त्याचा पृष्ठभाग आपोआप परवलयाच्या आकाराचा होतो, घासायला-पुसायला नको. अडचण एकच, थाळी तिरकी करता येत नाही. त्यामुळे ही दुर्बीण फक्त डोक्यावरचं आकाश पाहते.

सोनं नापास, पारा पास
वीज वाहून नेण्यात पाऱ्यापेक्षा सोनं चाळीसेक पट सरस. पण कडाक्याच्या थंडीत बाजी पाऱ्याने मारली. हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओनेस अतिथंड धातूंचा विद्युतरोध मोजत होते. प्लॅटिनम आणि सोनं तपासून झालं. दोघांचाही रोध कमी होत होता, पण शून्यावर काही येईना. मग त्यांनी पारा घेतला, कारण पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून तो अगदी शुद्ध मिळवता येतो. १९११ साली उणे २६९ अंशांच्या आसपास पाऱ्याचा रोध एकदम नाहीसा झाला. अतिवाहकतेचा शोध लागला तो असा.

ॲसिडची परीक्षा
सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. त्यांचं एक हुकमी हत्यार म्हणजे नायट्रिक ॲसिड. त्यात दागिन्यातलं तांबं आणि चांदी विरघळते, सोनं तळाशी राहतं. शेजारचा पारा या परीक्षेत टिकत नाही, तोही विरघळतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी कोलकात्यात सौम्य नायट्रिक ॲसिड आणि पारा एकत्र केले, तेव्हा त्यांना पिवळे स्फटिक मिळाले. मर्क्युरस नायट्राइट हे ते नवं संयुग त्यांनी १८९६ साली जाहीर केलं आणि जगभर त्यांचं नाव झालं.

सोन्याला विरघळवायचं तर नायट्रिकच्या जोडीला हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं. हे मिश्रण म्हणजे अम्लराज. १९४० साली जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या, तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोघांची नोबेल पदकं लपवायला दिलेली होती. जॉर्ज द हेवेशी यांनी ती सरळ अम्लराजात विरघळवली. बाटली फळीवरच राहिली, कुणाला संशयही आला नाही. युद्धानंतर त्याच द्रावणातून सोनं काढलं आणि नोबेल संस्थेने पदकं पुन्हा पाडून दिली.

झारेकऱ्याची माती
सोनाराच्या दुकानातला केर कधी फुकट जात नाही. झारेकरी तो विकत घेतो. आधी भांड्यात पाणी घालून माती धुवायची, हलकी माती वाहून जाऊ द्यायची. खाली राहिलेल्या जड गाळात पारा घालून चांगला चोळायचा. डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कणही पारा टिपून घेतो. मग सगळं फडक्यात घेऊन पिळायचं. मोकळा पारा थेंबाथेंबाने खाली गळतो आणि फडक्यात राखाडी-पांढरा गोळा उरतो, बघून कुणी म्हणणार नाही की यात सोनं आहे. तो तापवला की ३५७ अंशांवर पारा उकळून उडून जातो आणि पिवळा ऐवज मागे राहतो.

उडालेला पारा जातो कुठे? आधी तापवणाऱ्याच्या छातीत, मग हवेत. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत छोट्या सोन्याच्या खाणींवर आजही हेच तंत्र चालतं आणि माणसाने हवेत सोडलेल्या पाऱ्यात सर्वांत मोठा वाटा याच कामाचा आहे. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांवाटे माणसांच्या पोटात गेला. त्यातून झालेला मज्जासंस्थेचा आजार १९५६ साली उघडकीस आला. पाऱ्याला वेसण घालणारा २०१३चा आंतरराष्ट्रीय करार त्याच गावाच्या नावाने ओळखला जातो.

पाऱ्याचं सोनं झालं, पण…
पाऱ्याचं सोनं करायचा नाद रसशास्त्राच्या जाणकारांपासून युरोपातल्या किमयागारांपर्यंत सगळ्यांना होता. १९२४ साली बर्लिनमध्ये आडोल्फ मीटे यांनी पाऱ्याच्या दिव्यात सोनं तयार झाल्याचा दावा केला. खळबळ उडाली. पुढे लक्षात आलं की ते सोनं मुळातूनच कुठूनतरी अंशमात्र मिसळलेलं होतं. १९४१ साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी पाऱ्यावर वेगवान न्यूट्रॉन सोडले आणि खरोखरच सोनं झालं! पण किरणोत्सारी. थोड्याच काळात त्याचा पुन्हा पारा होऊन बसला. गुंतवणूक म्हणून अगदीच वाईट.

तोंडात दोघेही
सोन्याचा दात आपल्याला माहीत असतो. पण दाढेत भरलेली जुनी चंदेरी चांदी बहुतेकदा नुसती चांदी नसते. त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास पारा असतो. चांदी, कथील आणि तांब्याच्या भुकटीत कालवला की तो काही वेळात दगडासारखा घट्ट होतो. नव्या फिलिंगमध्ये हळूहळू त्याची सुट्टी होते आहे.

आणि जाता जाता…
घरात जुना थर्मामीटर फुटला तर खिडक्या उघडा, झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर लांब ठेवा, थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करा. त्याआधी बोटातली अंगठी उतरवा. एक थेंब लागला तरी सोनं तेवढ्या जागी पांढरं पडतं आणि ठिसूळ होतं. लागलाच, तर सोनाराला द्यायच्या आधी पाऱ्याचं स्पष्ट सांगा. तो ती तापवणार, आणि वाफ त्याच्याच नाकात जाणार.